लहान मुलांचा पहिला चष्मा: दोष फोनचा की आणखी कशाचा? सोप्या भाषेत संपूर्ण माहिती



एरवी मी तुम्हाला फोनमधलं एखादं सेटिंग किंवा ॲप समजावून सांगतो. आज विषय डोळ्यांचा आहे आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

माझी भाची सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. घरात आम्ही तिला चिऊ म्हणतो. ती साडेचार वर्षांची असताना, दिवाळीच्या सुट्टीत, ताईने मला विचारलं होतं, "ही टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसते रे. मान तिरकी करून बघते. डोळ्यांचं काही असेल का?"

मी घरातला 'मोबाईलवाला'. मला सगळं कळतं असा सगळ्यांचा समज, आणि थोडाफार माझाही. मी लगेच निदान करून टाकलं. "फोन जास्त बघते, दुसरं काय! तो कमी केला की होईल ठीक." ताईच्या फोनवर ब्लू लाइट फिल्टर चालू करून दिला, ब्राइटनेस कमी केला, कार्टूनच्या ॲपला अर्ध्या तासाचा टायमर लावला. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "मी तर कधीपासून सांगतेय, त्या मोबाईलनेच डोळे जाणार पोरीचे." सगळ्यांचं एकमत झालं आणि विषय संपला.

सात महिन्यांनी कळलं की चिऊच्या डाव्या डोळ्याला +४.५० नंबर आहे, तो डोळा 'आळशी' झालाय आणि यात फोनचा काही संबंध नाही. फोनवर खापर फोडून आम्ही सात महिने घालवले होते. लहान मुलांच्या डोळ्यांच्या बाबतीत सात महिने म्हणजे बराच काळ. तो का, हेच या लेखात समजून घेऊया.

कळलं कसं?

मे महिन्यात चिऊ माझ्याकडे पुण्याला आली होती. वर्तमानपत्राची गुंडाळी करून आम्ही दुर्बीण-दुर्बीण खेळत होतो. मी गमतीने तिचा डावा डोळा तळहाताने झाकला. ती खेळतच राहिली. मग उजवा झाकला, तर तिने माझा हात ढकलला. मला वाटलं मस्ती करतेय. पुन्हा झाकला. या वेळी ती चिडली. "मामा, हात काढ ना, दिसत नाही मला!"

तिसऱ्यांदा डावा झाकून पाहिला, काहीच तक्रार नाही. उजवा झाकला की रडू. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी ताईला फोन केला आणि दोन दिवसांनी आम्ही लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो.

डॉक्टर मॅडमनी तपासून झाल्यावर विचारलं, "आधी काही जाणवलं होतं का?" ताईने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. मीच सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हे फोनमुळे झालेलं नाही. हा नंबर ती अगदी लहान असल्यापासून असणार. पण अजून वेळ गेलेली नाही."

डोळा कसा काम करतो?

तुमच्या फोनचा कॅमेरा डोळ्यासमोर आणा. पुढे लेन्स, मागे सेन्सर आणि त्यामागे प्रोसेसर. डोळ्यातही तेच आहे. पुढचा पारदर्शक भाग आणि आतलं भिंग मिळून प्रकाश एकत्र आणतात. मागचा पडदा म्हणजे सेन्सर. आणि मेंदू हा प्रोसेसर. चित्र डोळा टिपतो, पण 'दिसतं' मेंदूला.

फरक एकच आहे. फोनचा कॅमेरा कारखान्यातून तयार होऊन येतो. बाळाचा डोळा मात्र जन्मानंतरही वाढत असतो. नवजात बाळाच्या डोळ्याची पुढून मागे लांबी साधारण १६ ते १७ मिलिमीटर असते, मोठ्या माणसाची सुमारे २४ मिलिमीटर. वाढताना भिंगाची ताकद आणि डोळ्याची लांबी यांचा मेळ बसला तर प्रकाश नेमका पडद्यावर एकत्र येतो. मेळ चुकला की चित्र धूसर होतं. एका मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ अडीच ते तीन नंबर!

मायनस, प्लस आणि सिलिंडर

चष्म्याचा कागद हातात आला की आपल्याला त्यातलं काही कळत नाही. खरं तर तो फोनच्या स्पेसिफिकेशनपेक्षा सोपा असतो.

मायनस नंबर: डोळा लांब आहे, म्हणून चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होतं. जवळचं स्पष्ट दिसतं, लांबचं धूसर. याचं गणित अगदी सोपं आहे. १ भागिले नंबर केलं की किती मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं ते कळतं. -१.०० असेल तर १ मीटरपर्यंत, -२.०० असेल तर ५० सेंटिमीटरपर्यंत, -४.०० असेल तर फक्त २५ सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे -४.०० वाल्या मुलाला चष्म्याशिवाय समोर बसलेल्या आईचा चेहराही नीट दिसत नाही.

प्लस नंबर: डोळा आखूड आहे, म्हणून चित्र पडद्याच्या पलीकडे तयार होऊ पाहतं. पण लहान मुलांच्या आतल्या भिंगाचा ऑटोफोकस जबरदस्त असतो. ते भिंग ताण देऊन फोकस पुढे ओढतं. त्यामुळे थोडा प्लस नंबर बहुतेक लहान मुलांना असतोच आणि त्याला चष्माही लागत नाही. नंबर जास्त असेल तर मात्र सततच्या ताणाने डोळा आत वळायला लागतो. तिरळेपणाचं हे एक मोठं कारण आहे.

सिलिंडर नंबर: डोळ्याचा पुढचा भाग सगळीकडून सारखा गोल नसतो, एका दिशेने जास्त वाकलेला असतो. कागदावर 'ॲक्सिस' म्हणून जो आकडा असतो तो याच दिशेचा कोन, ० ते १८० अंशांमधला.

आणि ते ६/६, ६/२४ काय असतं? तो नंबर नव्हे, नजर किती आहे त्याचं माप आहे. ही पद्धत नेदरलँड्सचे डोळ्यांचे डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये आणली. ६/२४ म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जे अक्षर २४ मीटरवरून ओळखता येतं, ते याला ६ मीटरवर आल्यावर ओळखता येतं. चिऊचा उजवा डोळा ६/६ च्या जवळ होता. डावा, योग्य काच लावूनसुद्धा, ६/२४.

योग्य काच लावूनसुद्धा का? इथेच खरी गोष्ट आहे.

आळशी डोळा म्हणजे काय?

समजा, एका फोनला दोन कॅमेरे आहेत. एक स्वच्छ, दुसऱ्याच्या काचेवर पहिल्या दिवसापासून तेलकट डाग. प्रोसेसर काय करेल? दुसऱ्याचं चित्र सोडून देईल आणि पहिल्यावरच काम भागवेल. काही वर्षांनी तुम्ही डाग पुसला, तरी त्या कॅमेऱ्याचं चित्र कसं वाचायचं हे प्रोसेसर शिकलेलाच नाही.

चिऊच्या मेंदूने हेच केलं. दोन्ही डोळ्यांचा ऑटोफोकस एकत्र आणि सारखाच हलतो. उजव्या डोळ्याला स्पष्ट दिसलं की तो तिथेच थांबतो. डाव्याला आणखी साडेचार नंबरची मदत हवी होती, ती कधी मिळालीच नाही. म्हणून डावा डोळा कायम धूसर राहिला आणि मेंदूने त्याचं ऐकणं सोडून दिलं. यालाच आळशी डोळा किंवा लेझी आय म्हणतात. नाव तसं चुकीचंच आहे म्हणा. डोळा बिचारा आळशी नसतो, त्याला कामच मिळालेलं नसतं.

मेंदूचा हा शिकण्याचा काळ जन्मापासून साधारण सात-आठ वर्षांपर्यंत सर्वांत जोरात असतो. त्या आधी उपचार सुरू झाले तर फायदा जास्त आणि लवकर होतो. पुढेही प्रयत्न करता येतात, पण गती मंदावते. म्हणून मघाशी म्हटलं, सात महिने म्हणजे बराच काळ.

मूल स्वतःहून का सांगत नाही?

ताई परत परत हेच म्हणत होती, "तिने एकदा तरी सांगायचं ना!" पण ती सांगणार कसं? चिऊला वाटत होतं, सगळ्यांना असंच दिसतं. जन्मापासून एका डोळ्याने जग बघणाऱ्या मुलाकडे तुलना करायला दुसरं काही नसतं. शिवाय एक डोळा चांगला असेल तर मूल रंग ओळखतं, सुईएवढी मुंगी दाखवतं, फोनवर हवं ते कार्टून शोधतं. घरातल्यांना वाटतं, नजर तर एकदम कडक आहे!

म्हणून लक्ष ठेवायचं ते या गोष्टींवर:

- टीव्ही किंवा पुस्तक अगदी जवळून बघणे
- मान सतत एकाच बाजूला तिरकी करणे
- डोळे बारीक करून किंवा एक डोळा मिटून बघणे
- दमल्यावर, तापात किंवा झोप आल्यावर एक डोळा आत किंवा बाहेर जाणे
- डोळे वारंवार चोळणे, फळ्यावरचं उतरवताना शेजारच्याच्या वहीत बघणे
- पायरीवर अडखळणे, चेंडू झेलता न येणे
- एक डोळा झाकला की चिडणे आणि दुसरा झाकला तर काहीच न वाटणे

शेवटचं तुम्ही आज घरी करून बघू शकता. एकेक डोळा वेगळा झाकायचा, दोन्ही उघडे ठेवून काहीच कळत नाही. पण एक लक्षात ठेवा. मूल चिडलं तर डॉक्टरांकडे जायचं हे नक्की, पण चिडलं नाही म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही. यातलं एकही लक्षण नसताना नंबर असू शकतो. त्यामुळे साधारण तिसऱ्या वर्षी एकदा आणि शाळेत घालण्याआधी एकदा डोळे तपासून घ्यायचेच. आईवडिलांना किंवा भावंडांना लहानपणी चष्मा लागला असेल, घरात कुणाला तिरळेपणा असेल, तर त्याहूनही आधी. आणि बाळ ३४ आठवड्यांच्या आधी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल, तर त्याच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी.

मूल वाचू शकत नाही, मग तपासतात कसं?

हा प्रश्न मलाही पडला होता. चिऊला तेव्हा मुळाक्षरं नीट येत नव्हती. पण तिला अक्षरांचा तक्ता दाखवलाच नाही. सफरचंद, घर, चौकोन आणि गोल अशी चित्रं लांबून दाखवली आणि हातातल्या कार्डावर 'तसंच' चित्र दाखवायला सांगितलं. तिला तो खेळच वाटला. याहून लहान बाळ असेल तर डॉक्टर एका छोट्या उपकरणातून डोळ्यात प्रकाश टाकतात आणि आतून परत येणाऱ्या लाल चमकीच्या हालचालीवरून नंबर काढतात. बाळाला एक शब्द बोलावा लागत नाही.

यातली सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे थेंब. मघाशी म्हटलं तसा मुलांचा ऑटोफोकस फार ताकदवान असतो. थेंब न घालता फक्त मशीनसमोर बसवलं तर मूल नकळत फोकस ओढतं आणि प्लस नंबर लपून जातो, किंवा नसलेला मायनस दिसतो. थेंबांनी हा ऑटोफोकस थोडा वेळ बंद होतो आणि बाहुली मोठी होते. थोडं झोंबतं, उजेड सहन होत नाही, जवळचं धूसर दिसतं. औषधानुसार हा परिणाम एक दिवस ते काही दिवस राहतो. चिऊ थेंबांना खूप रडली. पण मुलाचा पहिला नंबर थेंब न घालता काढलेला असेल, तर त्यावर चष्मा बनवायला टाकू नका.

फोनच्या ॲपवर डोळे तपासता येतात का?

तुमच्यातल्या अनेकांच्या मनात हा प्रश्न असणारच. उत्तर आहे, अर्धवट.

'पीक ॲक्युइटी' नावाचं अँड्रॉइड ॲप आहे. केनियातल्या गावांमध्ये डोळे तपासताना ते वापरलं गेलं आणि २०१५ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 'ई' अक्षर वेगवेगळ्या दिशांना वळलेलं दिसतं आणि समोरच्याने फक्त दिशा दाखवायची असते. हे ॲप नजर किती आहे ते सांगतं. नंबर किती, तो का, डोळा आळशी आहे का, हे सांगत नाही.

दुसरी गोष्ट ॲपपेक्षाही साधी आहे. तुमच्या गॅलरीतले फ्लॅशचे फोटो. फ्लॅशमध्ये दोन्ही डोळ्यांत कधी कधी सारखी लाल चमक दिसते, ती नॉर्मल आहे. पण एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी किंवा पिवळसर चमक वारंवार दिसत असेल तर लगेच, म्हणजे त्याच आठवड्यात, डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदू किंवा पडद्याचा कर्करोग असे गंभीर आजार त्यामागे असू शकतात. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन शॉ यांनी अशी चमक फोटोंमधून शोधणारं 'क्रेडल' नावाचं ॲप तयार केलंय. अर्थात ॲपने 'काही नाही' म्हटलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. आणि आजचे बरेच फोन लाल चमक आपोआप पुसून टाकतात, हेही लक्षात असू द्या.

डॉक्टरांकडून आल्यावर मी माझ्या फोनमधले चिऊच्या चौथ्या वाढदिवसाचे फोटो झूम करून पाहिले. तीन फोटोंमध्ये डावा डोळा किंचित आत होता. ते फोटो मीच काढले होते, एडिटही मीच केले होते.

पहिला चष्मा घेताना

दुकानात गेल्यावर काय बघायचं, ते नीट वाचा:

१. फ्रेम चेहऱ्याच्या मापाचीच घ्या. शाळेचा ड्रेस आपण एक साइज मोठा घेतो, 'पुढच्या वर्षी पण होईल' म्हणून. चष्म्याचं तसं करू नका. काचेचा मधला बिंदू बाहुलीसमोरच यायला हवा. मोठी फ्रेम घसरते आणि मूल काचेच्या वरून बघतं.

२. काच पॉलिकार्बोनेटची मागा. ती हलकी असते आणि सहजासहजी फुटत नाही. पडलं-आपटलं तरी डोळ्याला इजा होण्याचा धोका कमी.

३. लहान मुलांच्या नाकाचं हाड अजून वर आलेलं नसतं, त्यामुळे नाकावर नीट टेकणारी मऊ फ्रेम हवी. काड्यांना मागून इलॅस्टिकचा पट्टा लावता येतो.

४. पहिला चष्मा ऑनलाइन मागवू नका. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजणारी ॲप आहेत, पण पाच वर्षांचं मूल कॅमेऱ्यासमोर किती वेळ स्थिर बसतं ते तुम्हाला माहीतच आहे.

५. ब्लू लाइट कोटिंगसाठी जादा पैसे मागितले तर नम्रपणे नाही म्हणा. २०२३ मध्ये कोक्रेनने १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. अशा काचांनी कॉम्प्युटरसमोरचा डोळ्यांचा थकवा कमी होतो असं त्यात दिसलं नाही. त्या चाचण्या मोठ्या माणसांवरच्या होत्या, पण मुलांसाठी वेगळा फायदा आहे असंही कुणी दाखवलेलं नाही. दिवाळीत मी चालू करून दिलेल्या फिल्टरचं मला तेव्हाच हसू आलं, आणि रडूही.

चष्मा आला, पण घालायचा कसा?

बाळाला पहिल्यांदा चष्मा लावला आणि आई दिसल्याबरोबर ते खुदकन हसलं, अशी रील तुम्ही पाहिली असतील. आमच्याकडे तसं काही झालं नाही. चिऊने चष्मा घातला, इकडेतिकडे पाहिलं आणि काढून सोफ्यावर टाकला.

कारण समजून घ्या. तिच्या उजव्या डोळ्याला आधीही स्पष्ट दिसत होतं. दोन्ही डोळे उघडे असताना चष्म्याने तिला काही नवीन दिसलंच नाही. उलट नाकावर ओझं, कानामागे टोचणं. ज्यांना दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर असतो त्या मुलांना पहिल्या दिवशीच फरक कळतो. एका डोळ्याचा दोष असलेल्यांना कळत नाही आणि म्हणूनच घरच्यांचा धीर सुटतो.

पहिले पंधरा दिवस कठीण गेले. चष्मा एकदा तांदळाच्या डब्यात सापडला. ताईच्या सासूबाई सुरुवातीला म्हणत, "मुलीच्या जातीला एवढ्यात कशाला चष्मा? गाजर द्या, तूप द्या." त्यांना मी दोन कॅमेऱ्यांचं उदाहरण दिलं, ते काही पटलं नाही. मग एके दिवशी ताईने चिऊचा उजवा डोळा झाकून त्यांच्यासमोर बोटं धरली. "किती आहेत सांग." चिऊने अंदाजाने सांगितलं, चुकलं. आजी गप्प झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच नियम केला, सकाळी आजीने आपला चष्मा लावायचा आणि नातीने आपला, दोघींनी एकदम. तो नियम कुठल्याही ॲपच्या रिमाइंडरपेक्षा भारी चालला.

नुसत्या चष्म्यानेही फरक पडतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात असा दोष असलेल्या लहान मुलांपैकी चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त मुलांचा आळशी डोळा फक्त चष्म्यानेच बरा झाला होता. चिऊची नजर चार महिन्यांत ६/१८ पर्यंत आली आणि तिथे अडली. मग पट्टी सुरू झाली. चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, म्हणजे मेंदूला आळशी डोळ्याचं ऐकावंच लागतं. पूर्वी दिवसभर पट्टी लावत. मध्यम स्वरूपाच्या दोषात दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडते, असं २००३ च्या अभ्यासात दिसलं.

आता गंमत ऐका. पट्टी लावून दोन तास काय करायचं? मॅडम म्हणाल्या, "चित्र रंगवू दे, मणी ओवू दे. आणि अगदीच ऐकत नसेल तर त्यातला थोडा वेळ फोनवर कोडी सोडवली तरी चालेल." ज्या फोनला आम्ही गुन्हेगार ठरवलं होतं, तोच औषधासोबतचा गूळ झाला.

मग फोन एकदम निर्दोष आहे का?

नाही. चिऊच्या बाबतीत निर्दोष, सगळ्यांच्या बाबतीत नाही. मायनस नंबर साधारण शाळेच्या वयात सुरू होतो आणि वाढत जातो. त्यामागे आनुवंशिकता आहेच, पण सतत जवळचं बघणं आणि घरातच बसून राहणं हीसुद्धा कारणं आहेत. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०५० पर्यंत जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना मायनस नंबर असेल.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अंगण. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांमध्ये प्रयोग झाला. निम्म्या शाळांमधल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना. बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो आणि तो डोळ्याची अवाजवी लांबी वाढू देत नाही, असं मानलं जातं. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रमच राबवला.

फोनमध्ये काय करता येईल?

- जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील बाळांना स्क्रीन नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको.
- आयफोनवर आयओएस १७ पासून 'स्क्रीन टाइम'मध्ये 'स्क्रीन डिस्टन्स' हे सेटिंग आहे. फेस आयडी असलेला फोन बराच वेळ साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा जवळ धरला तर ते स्क्रीन झाकून 'फोन लांब धरा' असं सांगतं.
- अँड्रॉइडवर 'फॅमिली लिंक'मधून रोजची वेळ ठरवता येते.
- शक्य असेल तर छोट्या स्क्रीनऐवजी टीव्हीवर लावा. अंतर आपोआप वाढतं.

पैसे नाहीत, मोठं शहर लांब आहे, मग?

'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांमध्ये एकदा येतं, आणि नजरेचा दोषही तपासतं. तुमच्या गावात पथक कधी येणार हे अंगणवाडी ताईंना किंवा आशा ताईंना विचारा. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयात होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चष्मा घातल्याने नंबर वाढतो का?
नाही. मूल वाढतं, डोळा वाढतो, म्हणून मायनस नंबर वाढतो. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला तर काय होतं, हे मलेशियात २००२ मध्ये पाहिलं गेलं. कमी नंबर घालणाऱ्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला.

गाजर खाऊन चष्मा जाईल का?
'अ' जीवनसत्त्व डोळ्यांना लागतंच. पण डोळ्याची लांबी गाजराने बदलत नाही.

मोठेपणी लेसर करून टाकू, आता कशाला?
लेसरने लेन्सचा दोष जातो. न शिकलेला मेंदू लेसरने शिकत नाही. आळशी डोळ्याचं काम लहानपणीच करायचं असतं.

आळशी डोळ्यासाठी गेम ॲप डाउनलोड करू का?
अशा उपचारांवर संशोधन चालू आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये 'ल्युमिनोपिया' नावाच्या एका हेडसेट उपचाराला ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी मंजुरी मिळाली. पण तो डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळतो. कुठलंही फुकट ॲप म्हणजे ते नव्हे.

शेवटी एवढंच

चिऊ आता सहा वर्षांची आहे. डावा डोळा ६/१२ पर्यंत आलाय. मॅडम म्हणतात, अजून सुधारेल, पण पट्टी चुकवायची नाही आणि सोडतानाही हळूहळू सोडायची, नाहीतर डोळा पुन्हा मागे जातो. म्हणजे काम अजून चालू आहे.

मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा ताईला म्हटलं, "दिवाळीत तू विचारलंस तेव्हाच दाखवायला हवं होतं गं. माझं चुकलं." ती म्हणाली, "मी तरी तुझं ऐकून गप्प का बसले?" मग चिऊ आली आणि माझ्या फोनवर स्वतःचा डावा डोळा झूम करून बघत बसली.

मित्रांनो, घरात कुणी तुम्हाला 'तुला मोबाईलचं कळतं' म्हणून मुलांच्या डोळ्यांबद्दल विचारलं, तर माझ्यासारखं सेटिंगमध्ये शिरू नका. घरातलं तीन ते सहा वर्षांचं मूल समोर बसवा. आधी एक डोळा झाका, मग दुसरा. आणि काहीही वाटलं, किंवा काहीच वाटलं नाही तरी, एकदा थेंब घालून डोळे तपासून आणा.